तुझ्या आईचा घण

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू गप्प झालास, तेव्हापासून कामात मन लागंना. पुण्याला गोल्फच्या मैदानावर बॉल गोळा करता करता तू खेळायला शिकलास, बघून बघून. आता शिकवणारे भेटले तर त्यांनी तुझा स्विंग, म्हणजे काठी फिरवून मारायची ढब, पार मोडून नवा बसवायला घेतला, आणि बॉल रोज उजवीकडं वळतोय. मला गोल्फ कळत नाही. घण कळतो.

तुझी आई उंचीनं कमी, म्हणून ती घण डोक्यावर सरळ नेत नाही. उजव्या कुशीतून वळसा घेऊन वर काढते. लग्नानंतर मला ते बघवेना. माझ्या भावासारखा सरळ उचल म्हणून आठ दिवस तिच्या मागं लागलो. लाल फाळावर अर्धचंद्र उमटायला लागले. घण सपाट बसला तर लोखंड पसरतं, जरा तिरपा बसला की कड रुतून तसा डाग पडतो. तिची कंबर धरली ती वेगळीच. चूक माझी होती. नवव्या दिवशी म्हणालो, तुझ्या मनानं मार. तेव्हापासून सांडशी माझ्या हातात, हात घणापासून वीतभर, आणि तिच्या वळशाकडं मी बघतसुद्धा नाही. फाळाकडं बघतो.

तू पाठवलेला त्या अमेरिकेच्या गोल्फवाल्याचा, जिम फ्युरिकचा, व्हिडिओ दहादा बघितला. क्लब, म्हणजे मारायची काठी, वर जाताना अंगापासून लांब, खाली येताना आतून, असा भलामोठा फेरा. त्याचा बापच त्याचा गुरू, गोल्फ शिकवणं हाच त्याचा धंदा, तरी त्यानं पोराचा फेरा मोडला नाही. त्याच फेऱ्यानं पोरानं 2003 ची यूएस ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली. 2016 मध्ये तर अठरा खड्ड्यांची अख्खी फेरी 58 फटक्यांत संपवली. जितके कमी फटके तितकं चांगलं, आणि पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या पट्टीच्या खेळाडूंच्या स्पर्धांत, तोवर इतक्या कमी फटक्यांत कुणी केली नव्हती. बापानं मन किती आवरलं असेल, ते मला कळतं.

पकड मात्र शिकूनच घे, तिथं मनमानी नको. अर्नॉल्ड पामर हा अमेरिकेचा जुना नामी खेळाडू, त्याचा बाप गोल्फच्या मैदानाचं गवत राखायचा. त्यानं आधी पोराचे हात क्लबवर नीट बसवून दिले, मग जोरात मारायला मोकळं सोडलं.

तूच सांगितलंस, सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाइतकाच वेळ क्लब बॉलला टेकलेला असतो. त्या वेळी क्लबचं तोंड, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, जिकडं, बॉल बहुतेक तिकडंच निघतो. तोंड एकीकडं आणि क्लबची वाट दुसरीकडं असली की पुढं जाऊन वळतो. तुझा उजवीकडं वळतोय, म्हणजे वाटेच्या मानानं तोंड उघडं, उजवीकडं फिरलेलं, राहतंय. मग वर जातानाचा वळसा काहून मोडायचा? आधी डावा हात बघ. वरून पाहिलं तर बोटांच्या मुळाशी दोन-तीन गाठी दिसायला पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात जरा उजवीकडं फिरवून धर.

आणि रोज सकाळी पाय जुळवून, निम्म्या ताकदीनं पन्नास बॉल मार. पाय जुळलेले असले की उसनं काही करता येत नाही, तोल जातो. जे उरतं ते तुझ्या अंगाचं. क्लबच्या तोंडाला खडू फास, बॉल कुठं लागला ते दिसेल.

शिकवणाऱ्यांशी वाद घालू नको, त्यांनी खूप बॉल बघितलेत. एवढंच विचार की, सर, बॉलला लागताना माझं काय चुकतंय तेवढं सांगा.

अक्षय्य तृतीयेनंतर फाळांची गर्दी सुरू होईल, मग फोन उचलणं होणार नाही. त्याआधी खडूच्या डागाचा फोटो पाठव. आईलाही बघायचाय.

तुझा,
आबा