मंजूर नकाशा वाचायला शिकवणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून विषय संपवता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात नागपुरात त्रिमूर्तीनगरकडच्या आमच्या लेआऊटमध्ये शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावर रेस्टॉरंट सुरू झालं. भट्टीचा धूर थेट सासूबाईंच्या खिडकीत, रात्री बारापर्यंत हॉर्न, फाटकासमोर दुचाक्यांची रांग. सासूबाईंना दम लागला त्या रात्री अ‍ॅम्ब्युलन्स कोपऱ्यावरच अडली आणि त्यांना स्ट्रेचरवरून तिथवर उचलून न्यावं लागलं. त्या रात्री मी मालकाला नको नको ते बोलले. त्याचा भाऊ धावून आला, आमच्याकडचे चौघे उतरले, हमरीतुमरी झाली. आमचे तक्रारअर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. त्यातच कुणीतरी सांगितलं, "हा रस्ता आता कमर्शियल झाला." आम्ही ते खरं मानून बसलो.

मग तुम्ही आलात. नगररचनेत आरेखक म्हणून हयात घालवलेल्या तुम्ही सगळं शांतपणे ऐकून एकच विचारलं, "मंजूर नकाशा पाह्यला का कोणी?"

त्या इमारतीच्या बांधकामाला परवानगी देताना मंजूर झालेला नकाशा कुणीच पाहिला नव्हता. माहिती अधिकाराचा अर्ज तुम्ही माझ्याच हातून लिहून घेतलात, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि म्हणालात, "३० दिवस वाट पाहा. तोवर कोणाशी भांडायचं नाही." ते ३० दिवस फार जड गेले, काकाजी.

नकाशाची प्रत आली तो रविवार मी विसरणार नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही ती पसरलीत, पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर स्टीलचे पेले ठेवलेत आणि खिशातली पेन्सिल काढलीत. तळमजल्यावर ओळीने आठ चौकोन होते, प्रत्येक चौकोन म्हणजे एका गाडीची जागा. तिसऱ्या चौकोनावर पेन्सिल टेकवून तुम्ही म्हणालात, "भट्टी इथं आहे." गल्लीत गाड्या का साचतात, हे मला त्या क्षणी कळलं. ज्या आठ गाड्या इमारतीच्या पोटात उभ्या राहायच्या होत्या, त्यांची जागा काच लावून बंद केली होती.

बाकीचंही तुम्हीच समजावलंत. रहिवासी भागात काय चालेल, हे बरंचसं रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे बांधकामाच्या नियमांत, तसं लिहिलं आहे. कुणी म्हटलं म्हणून रस्ता कमर्शियल होत नाही. कुठल्या भागात काय चालेल हे ठरवणाऱ्या शहराच्या विकास आराखड्यात फेरबदल करायचा तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते, हरकती मागवल्या जातात आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी लागते. तेव्हापासून पेपरातल्या जाहीर सूचना मी रोज वाचते. शिवाय आमचे भूखंड नागपूर सुधार प्रन्यास या विकास संस्थेच्या लीजचे, म्हणजे भाडेपट्ट्याचे. घरातली लीजची जुनी कागदपत्रं काढायला लावून त्यात "निवासी वापर" हे शब्द कुठे आहेत, तेही तुम्हीच दाखवलंत.

सगळ्यात मोठे आभार मात्र एका वेगळ्या गोष्टीसाठी. चिडलेल्या लोकांनी गल्लीच्या बैठकीत मागच्या गल्लीतल्या ताईंच्या डब्यांचा विषय काढला: "रहिवासी म्हणजे रहिवासी, तेही बंद करा." तुम्ही तिथेच आवाज चढवलात. एरवी कधी चढवत नाही. घरात डॉक्टरचा दवाखाना, वकिलाचं ऑफिस नियमातच मर्यादेत बसतं, मग घरच्या गॅसवर वीस डबे करणाऱ्या बाईचं आपलं काय वाकडं आहे, असं तुम्ही विचारलंत. "तिचा धूर कोणाच्या घरात जाते का? तिच्यानं कोणाची गाडी अडते का?" सगळे गप्प बसले. ताई आजही डबे देतात.

रेस्टॉरंटच्या मालकालाही तुम्ही आमच्यासमोर बसवून नकाशा दाखवलात. त्याच अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकाम काढण्याची, नोटीस निघाली तरी परवानगीसाठी अर्ज करता येतो, हे त्याला तुम्हीच सांगितलंत. अर्जाने पार्किंगची जागा स्वयंपाकघर होणार नाही, हेही सांगितलंत. नोटीस निघाल्यावर त्याने मोठ्या रस्त्यावर गाळा भाड्याने घेतला. दिवाळीनंतर काचा निघाल्या. तो आता भेटला की थांबून बोलतो. सासूबाईंची खिडकी उघडी असते.

अजून सगळं सुरळीत नाही. पलीकडच्या लेआऊटमध्ये एका रिकाम्या भूखंडावर लग्नसमारंभाचं लॉन निघालं आहे, लग्नसराईत तिथे डीजे वाजतो. रहिवासी भागात रात्री १० नंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, एवढं मी तिथल्या बायकांना सांगितलं. रस्त्याच्या रुंदीचा प्रश्न निघाला तेव्हा तुमची मोजमापाची कापडी टेपही त्यांना दिली, तुम्हाला न विचारता. रविवारी मोजणी झाली की मी स्वतः आणून देते. त्या बायकांनाही सोबत आणू का? त्यांच्याकडेही एक नकाशा आला आहे.

तुमची,
तिसऱ्या गल्लीतली वहिनी