मांजरसुंब्याच्या चाचांना

चाचा, सलाम.

घाट उतरायच्या आधी तुमच्या गॅरेजवर मी फक्त हवा भरायला थांबलो होतो. छोटी कार, मागं ट्रॉली, ट्रॉलीत केसर आंब्याची कलमं. ते बघून तुम्ही हातातला पाना ठेवलात आणि अख्खी दुपार मला दिलीत. असं शिकवणारं माणूस शोधून सापडत नाही, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर.

आधी तुम्ही शेजारच्या भंगारवाल्याचा काटा आणून ट्रॉलीचा दांडा त्यावर टेकवलात. भरलेली ट्रॉली ३०० किलोची धरली, तर हुकावर ३० ते ४५ किलो भार यायला पाहिजे. "बैलगाडी उलाळ झाली की बैलाचा गळा आवळतो, तसंच हे," म्हणालात. भार मागं गेला तर ट्रॉली वेगात झुलायला लागते. पुढं फार झाला तर कारचा मागचा भाग बसतो आणि ओढणारी पुढची चाकं हलकी पडतात. पाणी दिलेल्या पिशव्या भलत्या जड. त्या एक्सलच्या जरा पुढं आपण दोघांनी पुन्हा रचल्या.

मग घाट. उताराला न्यूट्रल हराम, हा तुमचाच शब्द. दुसरा गियर वरच टाकायचा आणि इंजिनला गाडी अडवू द्यायची, कारण अशा ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. कारचे ब्रेक सतत दाबले तर तापून धरेनासे होतात. झुललीच, तर ॲक्सिलेटर सोडून स्टिअरिंग सरळ ठेवायचं, ब्रेक करकचून मारायचा नाही. चढाला हँडब्रेकवर थांबायचं, पहिल्या गियरात क्लचनं पकड घेतली की मगच तो सोडायचा. हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की प्लेट जळते.

हे तोंडी सांगून भागलं असतं. तुम्ही मात्र शेजारी बसून खालपर्यंत आलात, पायथ्याला रिव्हर्सही शिकवलात: हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, तो जिकडं न्याल तिकडं ट्रॉलीचं मागचं टोक जातं. मग काळीपिवळीत बसून परत वर गेलात. पैसे घेतले नाहीत, चहाही तुमच्याच हिशोबात.

कलमं बांधावर धडधाकट पोचली. आता माझा पुतण्याही ट्रॉली ओढणार म्हणतोय. पुढच्या खेपेला त्याला घेऊन येतो. काटा तयार ठेवा चाचा, आणि यावेळी चहा माझ्याकडून.

तुमचा,
रोपवाटिकावाला