गोळीच्या मागे काय आहे, ते सिनेमा दाखवत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ॲक्शन चित्रपटांतल्या गोळीबाराच्या दृश्यांवर आलेला लेख वाचला. कॅमेरा, संकलन आणि स्टंट करणाऱ्यांची मेहनत यांबद्दल त्यात चांगली माहिती होती. मात्र आपले चित्रपट आता खऱ्याच्या जवळ आले आहेत, हा त्यातला निष्कर्ष मला मान्य नाही. नट बंदुकीचे गोळ्या भरलेले मॅगझिन बदलताना दिसू लागले, बंदूक दोन्ही हातांनी नीट धरू लागले, एवढीच सुधारणा झाली आहे.

आमच्या घरी वडिलांपासून शेतसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना आहे. भात पोटरीला आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत सगळा मळा लोळवतो आणि मग त्यांना पळवायला बार काढावा लागतो. त्यामुळे बंदुकीचा धाक काय असतो हे सिंधुदुर्ग-रत्नागिरीत गावोगावी माहीत आहे, निदान जुन्या माणसांना तरी. नव्या पोरांचे शिक्षण मोबाइलवरच्या सिनेमांत होते, आणि मला काळजी आहे ती त्याचीच.

गोळी लागली की माणूस मागे उडतो, काच फोडून खाली पडतो, हे आपण हजारदा पाहिले आहे. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे ३६० मीटर वेगाने निघते. साठ किलोच्या माणसात ती रुतून बसली, तर त्याला मिळणारा धक्का सेकंदाला पाच सेंटीमीटरच्या आसपासचा, म्हणजे जेमतेम हलण्याएवढा. समोरच्याला उडवण्याइतका जोर गोळीत असता, तर झाडणाराही तेवढाच मागे फेकला गेला असता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरली. गोळ्या अंगात शिरत असतानाही त्यांनी ती सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. गोळी खाल्लेला माणूस काय करू शकतो आणि त्याची किंमत काय असते, हे त्या एका प्रसंगात आहे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. अशा माणसाच्या महाराष्ट्रात नायकाने खांद्याला गोळी लागल्यावर रुमाल बांधून पुढची मारामारी करावी, हे मला सहन होत नाही. खांद्यातून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतूंचे जाळे जाते. तिथे गोळी लागून माणूस वाचला, तरी हात कायमचा लुळा पडू शकतो. मांडीतली मोठी धमनी तुटली, तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जातो. आमच्या वाडीतून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोचायला किती वेळ लागतो, ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको.

आवाजाचेही तसेच. बंदुकीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो. बंद खोलीत दहा-बारा बार काढून लगेच कुजबुजत बोलणे अशक्य आहे, कान कितीतरी वेळ वाजत राहतात. सायलेन्सर लावला म्हणजे नुसते ‘फुस्स’ होते, हेही खोटे. आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. मोटारीच्या दाराआड लपलेला नायक वाचतो तेही तसेच, पत्र्यातून गोळी आरपार जाते.

पण या चुका एकवेळ करमणूक म्हणून सोडून देता येतील. सोडून देता येत नाही ती बंदूक हाताळण्याची रीत. नायक जिना चढतो, मित्राशी बोलतो, मागे वळतो आणि सगळा वेळ त्याचे बोट चापावर असते, नळी सोबत्यांच्या पोटावरून फिरते. सळसळ ऐकू आली की तो त्या दिशेने झाडतो, आणि तिथे नेहमी खलनायकच निघतो. आमच्या रानात सळसळ ऐकून बार काढला, तर तिथे काजूच्या बागेत राखणीला बसलेला शेजारी निघतो. डुक्कर समजून माणूस मारल्याच्या बातम्या आपल्याच जिल्हा पानावर अधूनमधून येतात. कातळावर आपटलेला छर्रा कुठे उडेल, याचाही नेम नाही. निशाणाच्या मागे आणि आजूबाजूला काय आहे हे दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. पडद्यावर तो कोणी पाळताना मी पाहिलेला नाही.

हा धडा खुद्द सिनेमावाल्यांनीच जीव देऊन शिकलेला आहे. १९९३ साली अमेरिकेत चित्रीकरणात ब्रँडन ली हा नट गेला. नळीत अडकून राहिलेले गोळीचे टोक बिनगोळीच्या काडतुसाच्या जोराने बाहेर आले आणि त्याला लागले. २०२१ मध्ये अमेरिकेतच हॅलिना हचिन्स या छायाचित्रणकार महिलेचा जीव सेटवरच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या खऱ्या गोळीने घेतला. बंदुकीत जीव घेणारे काही नाही असे दोन्ही वेळा गृहीत धरले गेले होते.

आता पोरे वाढदिवसाला हवेत बार काढून त्याचे रील करतात. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जीव धोक्यात घालणाऱ्या अशा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे त्यांच्या गावीही नसते. शस्त्र नियम २०१६ मध्ये परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे, पण ज्यांच्या घरात बंदूक पिढीजात आहे त्या घरांतल्या मुलांपर्यंत ते पोचत नाही. पोलीस ठाण्यांनी भात पसवण्याआधी तालुक्यातल्या परवानाधारकांना त्यांच्या जाणत्या मुलांसह एक दिवस बोलवावे, आणि आपल्या जिल्हा प्रतिनिधींनी त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आणि आपल्या चित्रपट समीक्षकांनाही सांगावेसे वाटते. पुढच्या ॲक्शनपटाला तारे देताना नायकाचे बोट कुठे होते आणि नळी कोणाकडे होती, याबद्दलही दोन ओळी लिहा.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग