रविवारी स्कोअरशीट आणा, आणि रेटिंगबद्दल थोडे

बुद्धिबळ क्लबच्या सर्व सभासदांना सूचना. गड्ड्यामुळे (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेमुळे) होम मैदानाकडचे रस्ते संध्याकाळी तुंबतात, म्हणून या रविवारची विश्लेषण बैठक सकाळी ९ वाजता. प्रत्येकाने स्वतःचे दोन डाव आणावेत, शक्यतो हरलेले.

घरी इंजिन (खेळ्या तपासणारा संगणक प्रोग्रॅम) लावण्याआधी स्कोअरशीटवर (डावाच्या खेळ्या लिहिलेल्या कागदावर) पेन्सिलीने खुणा करा: कुठे अडलात, कोणती खेळी सोडून दिली, घड्याळात किती वेळ उरला होता. मगच डाव लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवरील स्टडीत (डाव साठवून तपासायच्या पानावर) भरा. मध्येच खेळी बेकायदा दिसली तर बहुधा दोन घोड्यांपैकी चुकीचा घोडा हललेला असतो. चार-पाच खेळ्या मागे जाऊन तपासा. स्टॉकफिश या इंजिनच्या तीन ओळी (त्याने सुचवलेले तीन उत्तम पर्याय) चालू ठेवा आणि आकडा (कोण किती प्याद्यांनी वरचढ) स्थिरावू द्या. ०.३ च्या चढउतारावर डोके शिणवू नका. जिथे आकडा एकदम दीड-दोनने कोसळतो तिथेच थांबा आणि आपली पेन्सिलीची खूण तिथे आहे का बघा. बहुतेकदा नसते!

पालक विचारतात, ऑनलाइन रेटिंग १८०० आहे, मग फिडेचे (जागतिक बुद्धिबळ महासंघाचे) १५०० का? रेटिंग काढायला लीचेस ग्लिको-२ पद्धत वापरते, फिडे एलो. खेळाडूंचा गटही वेगळा. तुलना करू नका. फिडेचे गणित सोपे आहे: १५०० चा खेळाडू १७०० वाल्याशी खेळला तर अपेक्षित गुण ०.२४ (विजयाला १). के (डावागणिक रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) २० असेल तर जिंकल्यास १५.२ वाढतात, हरल्यास ४.८ जातात. मुलांचा के सहसा ४०, म्हणून त्यांचे आकडे दुप्पट उड्या मारतात. नवी यादी महिन्याच्या १ तारखेला येते, रोज बघू नये.

चालू डावात इंजिन उघडणारा बाद.