नावं लिहिण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुमच्या जॅझ बँडचा कार्यक्रम संपल्यावर तुम्ही सगळे केबल गुंडाळण्यात गुंतला होतात, म्हणून बोलणं झालं नाही. फोनवर बोलले असते तर तू मध्येच ‘आई, मला माहितीये’ म्हणाली असतीस. हे सगळं सलग सांगायचं आहे, म्हणून लिहितेय.

ती सात मात्रांची रचना मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती फक्त तुझ्या सॅक्सोफोनवर होती. दार लावून तू पहिले चार बार (आवर्तनं) पुन्हा पुन्हा वाजवत होतीस. चाल गोड होती, पण पुढे काय येणार ते आधीच कळत होतं. शनिवारी तीच चाल सुरू झाली आणि मी खुर्चीत पुढे सरकून बसले. ड्रमर स्नेअर ड्रमचा ठोका केसभर उशिरा टाकत होता, हिप-हॉपमध्ये टाकतात तसा. आणि बासवाल्याने रेगेत करतात तशी पहिली मात्राच रिकामी सोडली होती. सम रिकामी! तुझा लांब सूर त्या मोकळ्या जागेत येऊन पडतो, म्हणून तो एवढा मोठा वाटतो. सूर तुझा आहे, जागा त्याने करून दिली आहे.

(बाहेर पडताना कुणीतरी ‘हे जॅझ नाही’ म्हणालं, ते मनाला लावून घेऊ नकोस. ब्लूज, रॅगटाइम, ब्रास बँड आणि कॅरिबियन ताल एकमेकांत मिसळले तिथूनच जॅझ सुरू झालं.)

आता मुद्द्याचं. बँडच्या चारही रचना तुझ्या एकटीच्या नावावर नोंदवायचा तुझा विचार आहे, कारण चाली तू आणल्यास. तसं करण्याआधी थांब.

१९४७ साली अमेरिकन ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या मोठ्या बँडमध्ये क्युबाहून आलेला चानो पोझो कोंगा हे उंच हातढोल वाजवत होता. त्याला नोटेशन लिहिता येत नव्हतं. ‘मांटेका’ची कल्पना घेऊन तो आला तेव्हा बासचा भाग काय, ब्रासचे तुकडे काय, सगळं त्याने तोंडाने गाऊन दाखवलं. हे एकाच जागी फिरत राहील असं गिलेस्पीला वाटलं, म्हणून मधला ब्रिज, म्हणजे मधे येणारा वेगळा जोड-तुकडा, त्याने रचला. आठ बारचा म्हणून धरलेला तो ब्रिज सोळा बारपर्यंत गेला. वाद्यांची मांडणी गिल फुलरने केली. ऐकून बघ, क्युबन ताल जराही नमतं घेत नाही आणि ब्रिज आला की जॅझची हार्मनी तितक्याच हक्काने पसरते. त्या रचनेवर तिघांचीही नावं आहेत. ज्याला एक ओळ लिहिता येत नव्हती, त्याचंही नाव कागदावर आहे. पोझो पुढच्याच वर्षी गेला, अवघा तेहतीस वर्षांचा. नाव राहिलं.

दुसरं उदाहरण तुला पाठ असलेल्या रचनेचं. ‘टेक फाइव्ह’, १९५९. पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या बँडमधला ड्रमर जो मोरेलो पाच मात्रांत वाजवायचा, म्हणून त्या तालात काहीतरी लिही असं ब्रुबेकने बँडमधल्या सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंडला सांगितलं. कागदावर नाव एकट्या डेस्मंडचं. १९७७ मध्ये तो गेला आणि त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे त्या रचनेची रॉयल्टी अमेरिकन रेडक्रॉसला जायला लागली. केवढं मोठं मन! पण तो निर्णय घेण्याचा हक्क त्याचा होता, कारण नाव त्याचं होतं. ती रचना डोळ्यांसमोर आणली की मला आधी ड्रम ऐकू येतात.

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात हे लक्षात ठेव, रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचं तुम्ही पाचही जणांनी ठरवलंय, ते चांगलं केलंत. रचनेचा हक्क मात्र माणूस गेल्यावरही बऱ्याच देशांत पन्नास ते सत्तर वर्षं चालतो. एवढ्या लांबच्या गोष्टीवर एका संध्याकाळी घाईने सही करू नये.

आमचा बँड का सुटला हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. चाल गिटारवाल्याची होती, आणि ज्या तुकड्याने लोक ते गाणं ओळखायचे तो कीबोर्डवर मी बसवला होता. ते गाणं एका जाहिरातीत गेलं आणि पैसे एका नावावर आले. कुणी कुणाला फसवलं नव्हतं, आम्ही कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. तो वाटून द्यायला तयार होता, पण आकडा कुणीच तोंडाने बोलेना. पुढच्या सरावाला दोघं आले नाहीत. मला पैशांचं फार वाटलं नाही. त्या दोघांबरोबर पुन्हा कधी वाजवता आलं नाही, ते अजून लागतं.

सगळ्यांत सरसकट सारखा वाटा घाल असं मी म्हणत नाही. ती शेवटची संथ रचना पूर्ण तुझी आहे, तिथे दुसरं नाव घालणं खोटेपणा होईल. सात मात्रांची मात्र निदान तिघांची आहे. ट्रम्पेटवालीने दुसऱ्या रचनेत जो उलट चालणारा तुकडा घातलाय, तो काढून वाजवून बघ, काय उरतं ते. प्रत्येक रचनेचा वेगळा कागद करा, टक्के लिहा, तारीख घाला, पाचही जणांच्या सह्या घ्या. याला स्प्लिट शीट म्हणतात, एक पान पुरतं. आणि हे पैसे नसतानाच करा. आत्ता कुणाच्या मनात काही नाही.

तुम्हाला लांब जायचं आहे. स्नार्की पपी हा अमेरिकन बँड २००४ मध्ये सुरू झाला आणि पहिली ग्रॅमी मिळाली २०१४ मध्ये. मधली कितीतरी वर्षं त्यांनी गाडीतून फिरत, कुणाच्या तरी घरी जमिनीवर झोपत काढली. लंडनचा एझ्रा कलेक्टिव्ह २०१२ पासून जॅझमध्ये आफ्रोबीट, रेगे, हिप-हॉप मिसळत आलाय. २०२३ मध्ये अल्बमसाठीचं ब्रिटनमधलं मर्क्युरी पारितोषिक घेणारा तो पहिला जॅझ बँड ठरला, म्हणजे अकरा वर्षं एकमेकांना सांभाळल्यावर. तुमचं आत्ता दुसरंच वर्ष चालू आहे.

तुम्ही घरी सराव करत होतात तेव्हा मी फोनवर रेकॉर्ड करत असे, तुला न सांगता. सव्वीस फाइल आहेत, तारखांसकट. त्यातल्या अकराव्या फाइलमध्ये बासवाला पहिल्यांदा ती मात्रा सोडतो, तू वाजवता वाजवता थांबतेस आणि ‘परत कर, परत कर’ असं ओरडतेस. सगळ्या आज पाठवतेय. पाचही जण एकत्र बसून ऐका, मग नावं लिहा.

तुझी,
आई