नाला खोल केला, पण धुरा जाळला त्याचं काय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात नाला खोलीकरणाची बातमी होती, जेसीबीला हार घातलेला फोटो, म्हणून लिहावं वाटलं. मी बाभूळगाव तालुक्यातला, बेंबळा नदीकडचा कोरडवाहू शेतकरी.

आमचाही नाला सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेत खोल झाला होता, आता परत गुडघाभर गाळ. हा गाळ आला कुठून, आमच्याच वावरातून ना. आधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हरळी, कुंदा, बोरीची झुडपं राहायची, पाणी तिथं थबकून माती टाकायचं अन् मग नाल्यात उतरायचं. आता मजूर भेटत नाही तर सगळे धुऱ्यावर तणनाशक मारून गवत जाळतात, मी पण मारलं, खोटं कशाला बोलू. डवरणी झाली, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, खत दिलं अन् रात्री धो धो पाऊस आला की माती सरळ नाल्यात. युरिया विरघळून जातो, डीएपीतलं स्फुरद (फॉस्फरस) मातीला चिकटून जाते, पोत्याचे पैसे आपले गेलेच, वरून त्याच खतानं डोहात हिरवं शेवाळ.

मागच्या पोळ्याला बैल धुवायला नेले तर वरच्या अंगाला दोन पोट्टे फवारणीचा पंप विसळत होते. पाण्यावर पांढरा फेस. माझ्या बैलानं तोंड लावलं अन् फुर्रकन मागं घेतलं. पोट्टे म्हणे, "काका, वाहतं पाणी आहे, काय होते त्याले!" बैलाला समजलं, यांना नाही. बाजूलाच लाल त्रिकोणाच्या, म्हणजे सगळ्यात जहाल विषाच्या, रिकाम्या बाटल्या, पहिल्या पुरात त्या खालच्या गावाला पोचतात.

२०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली. त्यानंतर मास्क, हातमोजे यावर बोलणं झालं, पण पंप धुवायचा कुठं हे आमच्या गावात कोणी सांगितलं नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलं आहे की धुतलेलं पाणी अन् डबे यानं पाणी खराब होऊ देऊ नका, डबे फोडून वस्तीपासून दूर पुरा. दूर म्हणजे कुठं, दूर तर कोणाचं तरी वावरच आहे अन् त्यात विहीर.

ग्रामपंचायतीनं खोलीकरणाचा ठराव घेताना नाल्याच्या दोन्ही अंगानं दहा फूट गवत सोडायचं अन् तिथं तणनाशक बंद, एवढं तरी त्यात टाकावं. यंदा मी माझ्याकडचा धुरा तणनाशक न मारता सोडला, शेजारी म्हणतात वावर गचाळ दिसते. रिकाम्या बाटल्यांचं पोतं मात्र वावरातल्या खोपडीत पडून आहे, ते कुठं नेऊन द्यायचं हे कृषी विभागानं तुमच्या पेपरातून कळवलं तर बरं होईल.

एक शेतकरी,
ता. बाभूळगाव, जि. यवतमाळ