माळ्यावरची फळी

सावंतवाडी
४ सप्टेंबर २०२५

प्रिय बंड्या,

तुझे चार फोन आले आणि चारही मी वाजू दिले. उचलला असता तर तू "काय चाललंय" विचारलं असतंस, मी सांगून टाकलं असतं, आणि पुढची दहा मिनिटं तू एकटाच बोलला असतास. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र. प्रकृती ठीक. बीपीची गोळी चालू. आईची कंबर तशीच.

फणसाची फळी मी कापली.

शिव्या देऊन झाल्या की पुढचं वाच.

११ ऑगस्टला एक चाकरमानी पडवीत येऊन उभा. गावात नवं घर बांधलंय, त्यातला पहिला गणपती, कोरीव महिरप हवी. दोन बाजूंना मोर, मध्ये कीर्तिमुख, आणि सगळं २५ तारखेला, म्हणजे हरितालिकेच्या आदल्या दिवशी दारात. २०१८ ला थर्माकोल बंद झाल्यापासून मुंबईच्या घरी पडद्यांवर भागवत होते, आता बायकोला लाकूडच पाहिजे. मी नाहीच म्हणणार होतो. त्याने दहा हजार काढून रंध्यावर ठेवले. आता रंध्यावरचे पैसे उचलल्याशिवाय रंधा कसा मारणार, तूच सांग.

लाकूड मिळेना. वखारीतल्या सागाला ओलाव्याचा मीटर लावला तर २४ टक्के. आपल्याला पटाशी धरायला शिकवणाऱ्या मेस्त्रींचं 'इंचाला एक वर्ष' कानात होतं, म्हणजे जाडीच्या दर इंचामागे लाकूड वर्षभर वाळवायचं. तसला ओला साग कोरून दिला असता तर दिवाळीपर्यंत मोराच्या मानेतून भेग गेली असती. कुडाळ केलं, बांदा केलं, तीन दिवस गेले. चौथ्या रात्री ताडपत्री काढायला म्हणून माळ्यावर चढलो. ताडपत्री खालीच होती, मला माहीत होतं.

चुलीवरचा माळा. सोळा वर्षांचा धूर खाऊन फळी काळी पडली होती. मीटर लावला: १३. ऐन पावसात, बंड्या, १३! चार फूट लांब, चौदा इंच रुंद, एक गाठ नाही. धूळ पुसली तर मधोमध मेस्त्रींची पेन्सिलची रेघ अजून दिसत होती. एका बाजूला तुझा 'बं', दुसरीकडे माझा 'बा'. फळी देताना दोघांनी मिळून एकच काहीतरी करायचं म्हणाले होते, आणि वर ही रेघ! आपण भांडणार हे म्हाताऱ्याला आधीच ठाऊक होतं. तू वीणा म्हणत होतास, मी देव्हारा. त्यांच्या तेराव्याला आपण एका पंगतीत बसून एकमेकांकडे पाठ करून जेवलो होतो, आठवतंय? वाढप्याला कळेना पान कुठलं.

महिरपीला चौतीस इंच लागले. हिशेब तूच कर. रेघ ओलांडून दहा इंच तुझ्या हद्दीत आलो.

रंध्याचे पहिले दोन हात काळे निघाले, तिसऱ्याला आतून हळद. कापत गेलो तशी जमिनीवर पिवळ्या सालपटांची रास पडत गेली. तेव्हा वाटलं, झालं ते बरं झालं, ही सोळा वर्षं अंधारात पडून होती. असं दोन दिवस वाटलं. नक्षीमागचं लाकूड खाली घेऊन वेल उठवली, कीर्तिमुखाचे डोळे वटारले, आणि मग पिसाऱ्याशी येऊन अडलो. पाऊण इंची गोल पटाशी तुझ्याकडे आहे. ती तुला दिली नव्हती, तू नेली होतीस. पिसाऱ्याचा एकेक डोळा मी अर्ध्या इंचीने दोन-दोन घावांत काढला. तरी मोर मोरासारखे झालेत. तुझ्यासारखं "ही कोंबडी आसा काय रे?" असं कोणी विचारलं नाही.

२२ च्या रात्री एका मोराची चोच उडाली. चूक माझीच, लाकडाची रेघ आडवी जात होती तिथे घाईत सरळ घाव घातला. टॉर्च घेऊन तासभर सालपटं चाळली. ही दारात येऊन म्हणाली, "मोत्याची नथ हरवली होती तेव्हा एवढं शोधलं नव्हतंत." सापडली, चिकटवली. मग २४ ला लाखेचं पॉलिश मारलं आणि सकाळी बघतो तर सगळं पांढुरकं, कोजागिरीचं दूध सांडल्यासारखं. दमट हवेत मारायचं नसतं हे मी पोरांना शिकवतो! हलका स्पिरिटचा हात दिला, हॅलोजन लावला, वर हिचा हेअर ड्रायर. संध्याकाळी पाचला महिरप टेंपोत चढली. फ्रेममध्ये फळी कुठेही फेविकॉलने जखडली नाही. मेस्त्री म्हणायचे, "तिका जागा ठेव रे, ती पावसात फुगतली." तेवढं एक पाळलं.

माणसाने बावीस हजार दिले, घासाघीस न करता. आठ हजार तुला पाठवणार होतो. पण तू ते परत पाठवशील आणि वर बोलशील, म्हणून पाठवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दर्शनाला गेलो. लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ लावली होती आणि ती अडकवायला मोराच्या मानेत खिळा ठोकला होता. एक नाही, दोन्ही मोरांना. मी मोदक हातात धरून बघत राहिलो. यजमान खूश, सगळ्यांना सांगत होते, ह्यांनीच केली. मी विचारलं, विसर्जनानंतर कुठे ठेवणार? म्हणाले, "माळ्यावर. पुढच्या वर्षी परत काढू."

म्हणजे आपल्या माळ्यावरून त्यांच्या माळ्यावर. रात्री झोप येत नाही ती एवढ्यासाठी. खिळा निघेल, भोक बुजवता येईल. पण मेस्त्रींनी विचारलं असतं, "कोणासाठी केलंस?" तर काय सांगितलं असतं मी? गेल्या आठवड्यात आलेल्या माणसासाठी? देवळाला दिली असती तर तू चिडला नसतास. मुलीच्या लग्नात पाट केले असते तरी नाही. विकली म्हणून चिडशील, आणि मला त्यावर उत्तर सुचलेलं नाही.

चौदा इंच उरली आहे. तुझा 'बं' शाबूत आहे. एवढ्यात वीणा होत नाही, पोळपाट होईल. गोणपाटात गुंडाळून परत वर ठेवली आहे.

तात्यांचा गुडघा कसा आहे? नोकरी बदललीस हे वहिनींच्या स्टेटसवरून कळलं, अभिनंदन, सविस्तर बोलू. चिऊची बारावी ना यंदा? तिला म्हणावं झोपत जा.

दिवाळीत ये. पटाशी आण.

तुझा,
बाळ्या

ता.क. मोबाइलवर फोटो पाठवला आहे. चोच कुठल्या मोराची चिकटवली आहे ते ओळख. गिऱ्हाइकाला कळलं नाही, पण तुला कळेल.